आवजो

चि. तारा आणि चि. ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुम्हा दोघांचं जे भांडण चाललं होतं ते मी सगळं ऐकलं. तारा म्हणत होती, "आजी, बाबा सांगतो की तू तरुणपणी राक्षसांची शिकार करायचीस, तलवार घेऊन." आणि ईशान मागून ओरडत होता, "खोटं! आजीला आंबा पण नीट कापता येत नाही." दोघांचंही अर्धं बरोबर आहे. शिकार मी केली, पुढे बावीस वर्षं केली. तलवार नव्हती. आंब्याबद्दल मी काही बोलत नाही.

हे आता लिहायला घेतलं त्याची कारणं साधी आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. मधल्या या दिवसांत अक्षर बरं येतंय. शिवाय तुमचा बाबा गोष्टी रंगवून सांगतो, आणि आपल्या घरच्यांविषयी चुकीची माहिती पसरलेली मला चालत नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, तोच विषय शाळेत शिकवला, आणि मुलींना कायम एकच सांगत आले की आधी काय घडलं ते लिहा, मत मागाहून. तरीही हे मराठीतच लिहिते आहे. या गोष्टीत जे घडलं ते इंग्रजीत घडूच शकलं नसतं. वाचताना अडलात तर बाबाला विचारा, तोही अडला तर मला फोन करा.

आम्ही बडोद्याला नागरवाड्यात राहायचो. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, पुढे लांबट गॅलरी, खाली कोकिळाबेनचं कुटुंब. सकाळी सहाला खालून खाखरे भाजण्याचा वास वर यायचा, आणि वरून आमच्या फोडणीचा खाली जात असणार, कारण कोकिळाबेन जिन्यातून विचारायच्या, "आजे कढी के आमटी?" माझे बाबा बाजव्याला रिफायनरीत होते. त्यांची पाळी बदलली की घराचं घड्याळ बदलायचं. दुपारी ते झोपलेले असले की कुकरची शिट्टीसुद्धा आई हाताने धरून हळूच सोडायची. रविवारी कोपऱ्यावरून सेव-उसळ यायची, आणि आई साताऱ्याची असल्यामुळे ती दर रविवारी म्हणायची, "ह्याला तुम्ही तिखट म्हणता?"

आईविषयी जरा थांबून सांगते. ती मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. लग्न होऊन बडोद्याला आली त्याला वीस वर्षं झाली होती, आणि ती वीसही वर्षं तिने आमची भाषा दुरुस्त करण्यात घालवली होती. बडोद्याचं मराठी तुम्हाला माहीत नाही. आम्ही 'हो ने', 'बस ने' म्हणायचो, भाजीला शाक म्हणायचो आणि आपण गुजराती बोललो हे आम्हाला कळायचंही नाही. आई पोळी लाटता लाटता लाटणं थांबवायची. "शाक नाही. भाजी. बोल, भाजी." बाबा म्हणायचे, "अहो बाई, शाळा सुटली." ती ऐकायची नाही. घरात कोण काय बोलतं यावर तिचा एक कान कायम लागलेला असायचा.

आणि आमच्याकडे इंदूआत्या राहायची. बाबांची थोरली बहीण, लग्न न केलेली, अलकापुरीत एका ऑफिसात टायपिस्ट. साडी कडक इस्त्रीची, केसांचा अंबाडा घट्ट, बोलणं मोजकं. सोमवार ते शनिवार ती पत्रं टाइप करायची आणि रविवारी दुपारी, बारा ते चारच्या मध्ये, दुसरं काम करायची. त्या कामाला आमच्या घरात नाव नव्हतं. आई म्हणायची, "वन्सं बाहेर गेल्यात." लोक मात्र तिला भूतवाळां बेन म्हणायचे. ते तिला आवडायचं नाही. ती ज्यांना घालवायची त्यांना ती भूत म्हणत नसे, राक्षस म्हणत नसे. ती त्यांना 'पाहुणे' म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो.

त्या वर्षांत तिचं काम फार वाढलं. केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.ची पिवळी बूथं उघडली होती, आणि अलकापुरीकडचे जुने बंगले एकेक करून पाडून तिथे फ्लॅट चढत होते. आत्या म्हणायची, "बंगल्याच्या मागे विहीर असते, चिंच असते. तिथे कुणी शंभर वर्षं राहत असतो. विहीर बुजवली, चिंच तोडली. त्याने जायचं कुठे? तोही लिफ्टने वर येतो." हे ती विनोदाने सांगत नसे.

मी एकोणीस वर्षांची झाल्यावर ती मला बरोबर नेऊ लागली. पिशवी मी धरायची. पिशवीत एक पाट, तांब्या, भांडं आणि पानात बांधलेला गूळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निराशच झाले होते. मंत्र नाही, लिंबू नाही, काही नाही. आत्या खोलीच्या मधोमध पाट मांडायची, समोर गूळ-पाणी ठेवायची आणि आल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारायची: कुठून आलात, किती दिवस झाले, इथे मन रमतं का. मग वाट बघायची. थोड्या वेळाने भांड्यातलं पाणी दोन बोटं खाली जायचं. म्हणजे पाहुणा बसला. आधी पंखा पूर्ण वेगात लावून ठेवायचा. पाटावर जिथे हवा अजिबात हलत नाही, तिथे तो. कॅलेंडर फडफडतंय, पडदा फडफडतोय, आणि मध्ये माणसाएवढा एक तुकडा स्तब्ध. एकदा दिसायला लागला की पुढे दिसतोच. पाणी घेतलं की त्याच्यावर पाहुणचार चढतो. मग आत्या हात जोडून म्हणायची, "आता उठावं." आणि पाणी घेतलेल्याला उठावंच लागायचं. तो दारातून जिन्यापर्यंत जाईतो आपण उंबऱ्याशी उभं राहायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. निरोपाचा शब्द द्यायचा नाही. आत्याने मला एवढा एकच नियम तीन वेळा सांगितला होता.

एका रविवारी आम्हाला हंसाबेननी बोलावलं; त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. नवा रंग, नवी लादी, आणि सोफ्यावर त्यांच्या सासूबाई, डोक्यावर पदर घेऊन गप्प बसलेल्या. "बाने शब्द जडता नथी," हंसाबेन सांगत होत्या. सासूबाईंना शब्द सापडत नव्हते. आधी मीठ हा शब्द गेला, मग देवाचं नाव, मग मुलाचं. डॉक्टर म्हणाले वय. पण हंसाबेनना एक विचित्र गोष्ट कळली होती: दुपारी त्या स्वयंपाकघरात असल्या की बाहेरच्या रिकाम्या खोलीतून बाच्या आवाजात कुणीतरी तेच हरवलेले शब्द हळूहळू म्हणत असे. "मीठुं. मीठुं."

आत्याने तांब्या माझ्या हातात दिला. "आज तू."

"मी? आत्या, मला नाही..."

"गूळ-पाणी देता येतं ना? मग येतं."

मी पाट मांडला. प्रश्न बरोबर विचारले. पाणी उतरलं. पंख्याखाली तो स्तब्ध तुकडा बसलेला मी पाहिला, आणि खरं सांगते, भीती वाटली नाही. कुणा अनोळखी नातेवाइकासमोर बसल्यावर जसं अवघडतं तसं वाटलं. त्याच्याजवळ ओल्या पाटीचा वास होता. मी हात जोडले, "आता उठावं" म्हटलं. तो उठला. पडदे त्याच्या मागून एकेक करून फडफडायला लागले तसा तो दाराकडे सरकताना दिसत होता. सोफ्यावरून बा अचानक मोठ्याने म्हणाल्या, "मीठुं!" हंसाबेन रडायला लागल्या. मी उंबऱ्याशी उभी. काम झालं होतं. मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी पोचला तशी मी हसून, हात हलवून म्हणाले, "आवजो!"

गुजरातीत निरोप घेताना आवजो म्हणतात. बडोद्यात दूधवाल्याला, मास्तरांना, पोस्टमनला, सगळ्यांना आवजो. दिवसातून वीस वेळा तो शब्द तोंडातून जातो आणि त्याचा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. त्याचा अर्थ 'या' असा आहे.

आत्या माझ्याकडे वळली. "काय म्हणालीस?"

"काही नाही. म्हणजे, सवयीने..."

"काय म्हणालीस ते विचारतेय."

"आवजो."

जिन्यावरचा तुकडा क्षणभर थांबला होता. मग उतरला. आत्याने स्कूटर काढली. घरी आल्यावर तिने पदराने तांब्या पुसला आणि म्हणाली, "बोलावलंस. आता तो येईल." पहिली चूक माझी होती आणि दुसरी आम्हा दोघींची. आम्हाला वाटलं, हंसाबेनच्या दारात बोलावलंय तर तो हंसाबेनकडेच परतणार. त्यामुळे पुढचे चार रविवार आम्ही चौथ्या मजल्यावर जाऊन पंखा लावून बसलो. हंसाबेन दर वेळी खायला हांडवो करायच्या. बा आता खणखणीत बोलत होत्या, सुनेच्या हांडव्याला नावंही ठेवत होत्या. तिथे कुणी आलं नाही. आवजो म्हणणारा माणूस आपल्या घरी बोलावतो, हे दोन शिकलेल्या बायकांना सुचलं नाही.

आमच्या घरी त्या दिवसांत मोठी मजा चालली होती. एक दिवस आई जेवायला वाढताना बाबांना म्हणाली, "बटेटा घ्या ना अजून." बाबा घास हातात धरून हसायला लागले. "बटेटा! वीस वर्षांनी का होईना, बडोद्याची झालीस!" आईही हसली, जरा गोंधळून. दोन दिवसांनी चमच्याची चमची झाली. मग खिडकीला ती बारी म्हणाली, दाराला बारणं. मी तर टाळ्या वाजवल्या. "आई, भाजी बोल, भाजी!" आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "शाक." आम्ही तिघं, म्हणजे बाबा, मी आणि इंदूआत्यासुद्धा, हसलो. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या घरात हे पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं. बडोद्यात मराठी शब्द गेला तर त्याच्या जागी गुजराती शब्द आपोआप येऊन बसतो, आणि रिकामी जागा दिसतच नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना त्या टाळ्यांची मला लाज वाटते.

पाचव्या आठवड्यात एका गुरुवारी दुपारी मी पलंगावर वाचत पडले होते. आई दारात येऊन उभी राहिली. तिला मला हाक मारायची होती. घरात मला सगळे मेधा म्हणायचे. आईचं एकटीचं असं माझ्यासाठी एक वेगळं नाव होतं, लाडाचं, लहानपणापासूनचं. ते ती म्हणायला गेली आणि तोंड उघडं राहिलं. मग मेधा म्हणायला गेली, तेही आलं नाही. ती बराच वेळ तशीच उभी होती. शेवटी अगदी परक्या, अदबशीर आवाजात म्हणाली, "ए बेन."

स्वतःच्या मुलीला.

मी उठून पंखा पूर्ण वेगात लावला. गॅलरीच्या दाराशी आईची वेताची खुर्ची होती, शाळेच्या वह्या तपासायला ती तिथे बसायची. वह्यांची पानं फडफडत होती. खुर्चीवर काहीच हलत नव्हतं. आणि तिथून, आईच्या आवाजात, आईच्या साताऱ्याच्या हेलात, कुणीतरी सावकाश म्हणत होतं, "खिडकी. दार. चमचा. बटाटा."

कोकिळाबेनच्या फोनवरून मी आत्याला ऑफिसात निरोप दिला. ती अर्ध्या तासात आली, चप्पल न काढता खुर्चीपर्यंत गेली आणि परत आली. आई ओट्याशी उभी होती, आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत.

"त्याला उठवा ना," मी म्हटलं. "पाट आणते."

"बोलावलेल्याला ऊठ म्हणता येत नाही. तो आगंतुक नाही आता. त्याने आपण होऊन उठायचं, आपल्या तोंडाने निरोप घ्यायचा."

"मग घेईल ना!"

"ऐक." तिने खुर्चीकडे बोट केलं. बऱ्याच वेळाने तिथून आवाज आला, "येते हं." बाईसारखं बोलत होतं ते, कारण त्याच्याजवळचे सगळे शब्द बायकांचे होते. खुर्ची हलकी झाली, गॅलरीतली हवा वाहायला लागली, आणि मी चहा टाकला. चहा गाळून होईपर्यंत खुर्ची पुन्हा स्तब्ध.

"येते म्हणून गेलेलं माणूस येणारच," आत्या म्हणाली. "त्याने 'जाते' म्हणायला हवं. आणि तो शब्द त्याच्याजवळ नाही. तुझ्या आईजवळ असेल ते घेतो तो. तुझी आई उंबऱ्यात उभं राहून कधी 'जाते' म्हणाली आहे का?"

नव्हती म्हणाली. आपल्यात कुणीच म्हणत नाही. घरातून निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' म्हणजे कायमचं. लहानपणी मी एकदा चुकून "शाळेत जाते" म्हणाले तर आईने मला परत आत बोलावून, पाणी पाजून, पुन्हा नीट निघायला लावलं होतं.

"मग मी म्हणते," मी म्हटलं.

"नुसतं 'जाते' पुरत नाही. कोण जाते ते सांगावं लागतं. त्याने शब्द उचलला की ज्याचं नाव घेशील ते त्याच्याबरोबर जातं." आत्याने चष्मा काढून पुसला. टाइप करताना चूक झाली की करायची तसं. "आणि बोलावलंस तू, म्हणून तूच. माझं नाव चालत असतं तर मी तुला विचारलंही नसतं."

मेधा म्हणायची सोय नव्हती. मेधा गेली तर मीच जाणार. माझ्याजवळ दुसरं एकच नाव होतं. ते खरं तर माझं नव्हतं, आईचं होतं, पण ती देऊ शकत नव्हती. ते आठवण्याइतकेही शब्द तिच्याजवळ उरले नव्हते. मी आत्याला विचारलं, "नाही दिलं तर?" ती म्हणाली, "शनिवारपर्यंत तुझी आई मुकी होईल. गुजरातीही जाईल मग."

मी चपला घातल्या आणि उंबऱ्यात उभी राहिले. आई ओट्यापासून हळूहळू पुढे आली. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण मुलगी दारात चपला घालून उभी आहे एवढं कळत होतं. खुर्चीवरचा तुकडा उठून माझ्यासमोर आला होता. तिच्या आणि माझ्या मध्ये तो, आणि त्याच्या आरपार ती. मी ते नाव घेतलं आणि म्हटलं, "जाते."

आईने हात पुढे करून माझं तोंड दाबलं. तिच्या हाताला कणकेचा वास होता. मराठी शब्द एकही नव्हता तिच्याजवळ, पण तो शब्द दारात बोलायचा नसतो हे तिच्या हाताला माहीत होतं. तिला उशीर झाला होता. माझ्या कानाशी, तिच्याच आवाजात, ते दोन्ही शब्द उच्चारले गेले. पहिला कुठला होता ते मला सांगता येत नाही. दुसरा 'जाते'. मग जिन्यावरून कुणीतरी उतरत गेलं, खाली कोकिळाबेनच्या दाराचा पडदा एकदा हलला, आणि रस्त्यावरची धूळ एका जागी जराशी थांबून पुन्हा उडायला लागली.

मी काहीही म्हटलं नाही. ओठ दातांखाली धरले होते.

आईने हात काढला आणि म्हणाली, "दार लाव आधी. धूळ येतेय किती!"

'दार' म्हणाली. आत्या खाली बसली, आणि मी तिला रडताना तेव्हा पाहिलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं. आई म्हणत होती, "अहो वन्सं, काय झालं? मेधा, पाणी आण." त्या संध्याकाळी बाबा आले, ताटावर बसले आणि मुद्दाम म्हणाले, "बटेटा वाढ." आईने डाव थांबवला. "बटाटा," ती म्हणाली. बाबा आमच्याकडे बघायला लागले. आम्ही दोघी हसतोय का रडतोय ते त्यांना कळेना.

बाकीचे शब्द आठवडाभरात परतले. आई त्यानंतर पंचवीस वर्षं जगली आणि शेवटच्या दिवसापर्यंत नर्सचं मराठी दुरुस्त करत होती. मला ती मेधा म्हणायची. कधी मी बाहेरून थकून आले की तिचा चेहरा मऊ व्हायचा, ओठ काहीतरी म्हणायला वेगळे जुळायचे, ती क्षणभर थांबायची आणि मेधा म्हणायची. तिला काही गेल्याचं कळलं नाही. मी सांगितलंही नाही. बाबांना आणि आत्यालाही ते नाव नंतर कधी आठवलं नाही. मी दोघांना विचारून पाहिलं होतं. ताराने मागे विचारलं होतं की आजी, तुला लहानपणी काय म्हणायचे, आणि मी विषय बदलला होता. त्याचं कारण हे. मला ते लपवायचं नव्हतं. मला ते माहीत नाही.

अकरावीचं वर्ष मी साताऱ्याला मामाकडे काढलं होतं. त्या वर्षी आईने मला लिहिलेली सतरा पत्रं माझ्या कपाटात आहेत. शाई थोडी फिकट झाली आहे, पण वाचता येते. आमटीत गूळ किती घालायचा, बाबांची कुठली पाळी चालू आहे, कोकिळाबेनच्या मुलीचं ठरलं, सगळं त्यात आहे. प्रत्येक पत्र 'चि.' असं सुरू होतं, मग साधारण अडीच अक्षरांएवढा कोरा कागद आहे, आणि मग 'हिस अनेक आशीर्वाद'.